चोरलेला होकार

डोंगरांमधल्या आमच्या हुंदरच्या वाळूत दुपार कलल्यावर कुणी शहाणा माणूस फिरायला आलेले पाहुणे घेऊन शिरत नाही. श्योक नदीवरून वारा उठतो आणि मग वाळू कुणाचंच ऐकत नाही. म्हणून त्या दिवशी भर वाऱ्यात, टेकाडाच्या मध्यावर एक अख्खं कुटुंब फतकल मारून बसलेलं दिसलं, तेव्हा मी जपमाळ मनगटाला गुंडाळली आणि घरची वाट सोडून तिकडे वळले.

लखनौचं कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुली आणि एक आजी. आजींनी दोन्ही बूट काढून शांतपणे वाळू झटकायला घेतली होती. त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून एक उंच तरुण उभा होता. पाठीला चक्क बर्फातली कुऱ्हाड बांधलेली!

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"संप," तो म्हणाला.

"हा दादा पळतो," धाकटी मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "आम्ही नाही येणार."

"मी पळत नाही. याला चालणं म्हणतात."

"शिखरं चढणारे म्हणत असतील," मी म्हटलं. "आणि अचो, ही कुऱ्हाड कशाला? इथं बर्फ कुठं सापडला तुम्हाला?"

आजी खुदकन हसल्या. तो कानापर्यंत लाल झाला.

"मला अचो म्हणू नकोस. घरी एक बहीण आहे, तेवढी पुरे."

"मग काय म्हणू?"

"जिगमेत. दिस्कितचा. आणि तू कुन्झेस ना? पोराबाळांना फिरवतेस ती?"

तो 'पोराबाळांना' असं काही म्हणाला, की जणू मी कोंबड्या राखते. मी मुलींना उठवलं, टेकाडाच्या धारेवरून वळसे घेत खाली आणलं, काटेरी झुडपांच्या आडोशाला बसवलं, खारा चहा आणि जर्दाळू घातलेली जाड रोटी दिली. मग ओढा. घोट्याएवढं पाणी, पण इतकं गार की दोघी किंचाळून हसायला लागल्या. जिगमेत बूट हातात घेऊन मागून येत होता… अगदी हळू.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. "दोन कुटुंबं एकत्र नेऊ या. तुझी आणि माझी." मग हेच रोजचं झालं. तो हळू चालायला शिकला. कुऱ्हाड घरी राहिली. त्याच्या खांद्यावर कुणाचं तरी पोर असायचंच.

एकदा वारा लवकर उठला आणि माझ्या डोळ्यात वाळू गेली. जिगमेत काही न बोलता माझ्या आणि वाऱ्याच्या मधे येऊन उभा राहिला.

"खुपतंय?"

"हं…"

"फुंकर घालू?"

"पाणी दे नुसतं."

"पाणी देतो. पण फुंकरही फुकटच आहे."

"फुकटच्या वस्तू मी घेत नाही," मी म्हटलं. डोळा धुतला. पण त्या संध्याकाळी देवापुढच्या सात वाट्यांत पाणी भरताना एक वाटी भरून वाहिली तरी मी ओततच राहिले. असं कधी होत नाही.

तेव्हापासून चैन नव्हतं. जपात मंत्र सुरू असायचा आणि कान अंगणाकडे. त्यालाही काहीतरी होत होतं. चालता चालता मधेच थांबायचा.

"कुन्झेस, एक विचारायचं होतं…"

"विचार ना."

"…उद्या वारा असेल?"

"रोजच असतो."

"हो. ते आहेच म्हणा."

आणि पुढं चालायला लागायचा. त्याच्या आईनं त्याच्यासाठी पनामिक गावची एक मुलगी पाहिलीय, हे मला ओढ्यावर धुणं धुताना बायकांकडून कळलं. मी धुतलेली चादर पुन्हा धुतली.

मग सागा दावाचा पवित्र महिना आला. दरवर्षीसारखी मी हुंदरच्या गोन्पात, आमच्या मठात, व्रताला बसले. पहिला दिवस एकभुक्त. दुसरा दिवस निर्जळी, आणि मौन. मौनात हातवारे नाहीत, मान हलवणंसुद्धा नाही. मानेनं बोलायचं तर तोंड कशाला मिटायचं, असं आमचे लामा म्हणतात. तिसऱ्या दिवशी सूर्य उगवला की सुटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोन्पाभोवती प्रदक्षिणा घालत होते. कोपऱ्यावर जिगमेत उभा. धापा टाकत.

"आज तू बोलणार नाहीस, माहीत आहे. म्हणूनच आलोय." तो माझ्याबरोबर चालू लागला. "इतर दिवशी तू असं काही म्हणतेस, की माझं वाक्य त्या लखनौच्या आजींसारखं खाली बसतं. उठतच नाही."

मी जमिनीकडे बघत चालत राहिले.

"उद्या उजाडताच मामा मागणीच्या चंगची घागर घेऊन निघणार. आई म्हणते पनामिकला. मी म्हटलं, आजचा दिवस थांब. कुन्झेस… लग्न करशील माझ्याशी?"

वारा. फक्त वारा.

"नको असेन, तर आत्ता 'नको' म्हण."

तो थांबला. मीही थांबले. ओठ घट्ट मिटलेले.

"नाही ना म्हणत? मग मी हो समजतो!" आणि उड्या मारत उतारावरून पळाला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही त्यानं.

आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग प्रदक्षिणा पुरी व्हायच्या आत राग आला. माझा होकार माझ्या तोंडून निघायच्या आधीच कुणीतरी उचलून नेला होता. ज्या शब्दासाठी इतके दिवस तळमळले, तोच मला म्हणायला मिळाला नाही! साष्टांग नमस्कार घालताना मन नुसतं येरझाऱ्या घालत होतं. असू दे ना, हेच तर हवं होतं. नाही, असं नको. आणि उद्या दारात अडवलं तर? त्याचे मामा तापट. जवाच्या दारूची भरली घागर घरी परत नेणार नाहीत, तडक पनामिकची वाट धरतील. मग आयुष्यभर कर मौन.

तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या शिखरांना ऊन लागलं. मी थुक्पाच्या गरम सुपाचा घोट घेऊन व्रत सोडलं आणि चप्पल कशीबशी पायात सरकवून धावले. शकुनाची घागर गाडीतून न्यायची नाही असा मामांचा हट्ट, म्हणजे ते दिस्कितहून वाळूतूनच येणार.

धारेवर चढले आणि दिसले. पुढं मामा, खांद्यावर घागर, काठाला शुभ म्हणून लावलेले लोण्याचे ठिपके. मागं नवा लोकरी गोन्चा घातलेला जिगमेत. आणि त्याच्या मागं सुरतचं एक कुटुंब, दोन पोरांसह! सकाळच्या फेरीला नाही म्हणायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"मामा, थांबा." मी वाट अडवून उभी राहिले.

"जुले, पोरी! तुझ्याकडंच निघालोय. हो म्हणालीस ना?"

"नाही."

जिगमेतचा चेहरा वाळूसारखा झाला. "नाही?"

"मी हो म्हणाले नाही. मी गप्प होते. ते मौन मी देवाला दिलं होतं, जिगमेत. तुला नव्हतं दिलं."

सुरतच्या पोरानं बापाला विचारलं, "हे पण फेरीतच आहे का?"

"म्हणजे पनामिक?" मामा म्हणाले. "काय ते लवकर सांगा. खांदा भरून आलाय."

"मामा, घागर खाली ठेवा," जिगमेत म्हणाला.

"वाळूत? कलंडली म्हणजे?"

"मग धरा जरा वेळ." जिगमेत माझ्यासमोर आला. टोपी काढली. "चुकलो. तू नाही म्हणालीस तर ते ऐकावं लागू नये, म्हणून… भित्रेपणा होता."

"आता ऐकावं लागेल कदाचित."

"हो."

"मग विचार."

त्यानं नजर हटवली नाही. "कुन्झेस, माझ्याशी लग्न करशील? हो असेल तर हो, नाही तर नाही. मी मागणी पनामिकला जाऊ देणार नाही, आणि तुझ्याकडून ढापणारही नाही."

किती वेळ तो शब्द मी तोंडात धरून ठेवला होता. सोडवेना.

"करीन."

"मोठ्यानं बोल," मामा ओरडले. "या कानानं मला कमी ऐकू येतं!"

"करीन!" घरात ज्या मुलीचा आवाज कधी भिंतीपलीकडे गेला नाही, ती मी, सगळ्या वाळूला ऐकू जाईल अशी ओरडले. सुरतच्या पोरांनी काही न कळता टाळ्या पिटल्या.

"पुरे, पुरे, ऐकू आलं," म्हणत मामा घागर सावरून हुंदरच्या वाटेला लागले. सुरतकरही त्यांच्याच मागून निघाले. जिगमेत तिथंच उभा.

"चल ना," मी म्हटलं.

"पाय उचलत नाहीत गं."

मी हात पुढं केला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे… आणि धरला.