पट्टकादंबाच्या दिनरेघा

पुण्याच्या पक्षी-अभिज्ञान केंद्रात परदेशवारीहून परतलेली माणसं येत, ती बहुधा एवढंच विचारायला, की आम्ही फोटो काढला तो पक्षी कुठला. जळगावच्या निवृत्त शिक्षिका पुष्पलता नेवे सहाशे बारा फोटो घेऊन आल्या होत्या आणि प्रत्येक फोटोमागची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे सरकत नव्हत्या. अकरा दिवसांची मंगोलियाची सहल, त्यात चार दिवस पोट बिघडलेलं, तरी सहाशे बारा.

केंद्राच्या प्रमुख डॉ. वैजयंती गुर्जर समोर बसली होती, पण तिचं लक्ष नव्हतं. अठ्ठावन्न दिवसांपूर्वी, आठ जुलैला, तिचा नवरा उदयन मंगोलियातल्याच एका सरोवरावर पक्षीगणना करताना वादळात होडीसकट नाहीसा झाला होता. शोध केव्हाच थांबला होता. ती मात्र रोज कामावर येत होती, कारण घरी बसून करायचं काय, हे तिला कळत नव्हतं.

"मॅडम, ह्या बदकाचं नाव लिहून द्या ना. नावाशिवाय अल्बम बरा नाही दिसत."

"बदक नाही. पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे आहेत बघा."

"वैजयंती, जरा इकडे ये," पलीकडून रोहिदास गायधनी म्हणाला. पिसांच्या रसायनशास्त्रात त्याची हयात गेली होती आणि सहसा तो आवाज चढवत नसे. आत्ता मात्र चढला होता.

पीसवाचक यंत्राच्या पडद्यावर त्याच पक्ष्याचं एक उड्डाणपीस भिंतभर पसरलं होतं. त्यावर आडव्या रेघांची रांग होती, आणि त्यातल्या काही केशरी होत्या.

"माझ्या फोटोत हे कुठं होतं?" नेवेबाई मागोमाग आल्याच होत्या.

"तुमचा कॅमेरा वर्णवेधी आहे, बाई. डोळ्यांना न दिसणारे रंगही तो टिपतो," रोहिदास म्हणाला. "पीस वाढताना रोज त्याच्यावर एक रेघ उमटते. आम्ही तिला दिनरेघ म्हणतो. पक्षी पोटभर जेवला की रेघ रुंद. उपास घडला की बारीक."

"म्हणजे रोजनिशीच की!"

"तसंच. ही मुरगळलेली रेघ पाहिलीत? तुमच्या सगळ्या पट्टकादंबांच्या पंखांवर ती आहे. उदयनच्या सरोवरावरचं आठ जुलैचं वादळ. त्या दिवशी एकालाही चरता आलं नाही. तिथून पुढे मोजलं की तारखा मिळतात."

"आणि केशरी?"

"मिरचीचा रंग. पक्ष्याला तिखट लागत नाही, पण रंग वाढत्या पिसात उतरतो." तो वैजयंतीकडे वळला. "जुलैत ह्यांचे पंख झडलेले असतात. उडता येत नाही, म्हणून ते निर्मनुष्य बेटांवर जाऊन राहतात. तिथे लाल तिखट कोण घेऊन जाईल?"

वैजयंतीला आशेची भीती वाटत होती. एकदा ती कशीबशी मारून झाली होती. पुन्हा मारायची ताकद तिच्यात नव्हती.

"उदयन नाही," ती ताडकन म्हणाली. "वन्य पक्ष्याला खायला घालायचं नाही, हा त्याचा नियम आहे. घाटावर कुरव पक्ष्यांना गाठ्या टाकल्या म्हणून माझ्या बाबांशी महिनाभर बोलला नव्हता. तो उपाशी मरेल, पण पक्ष्याला दाणा घालणार नाही."

"मग मोज तू," रोहिदास म्हणाला. "मी काही बोलत नाही."

तिने मोजलं. वादळाच्या रेघेनंतर दहा रेघा कोऱ्या. अकरावी केशरी. मग एक कोरी. मग ओळीने सहा केशरी. तीन कोऱ्या. आणि पुन्हा तेच: एक केशरी, एक कोरी, सहा केशरी. तिथे पिसाची वाढ पूर्ण झाली होती.

खाण्याच्या लोभाने आलेला पक्षी असा मोजून मापून खात नाही. मोजणारा घालणारा होता. एक आणि सहा. सरोवरातल्या बेटांना आकडे तिनेच दिले होते, उदयनच्या शेजारी बसून, नकाशावर. सोळावं बेट पश्चिमेच्या टोकाला होतं. वाऱ्याच्या हिशेबाने होडी पूर्वेला गेली असणार, म्हणून शोध सगळा पूर्वेला झाला होता.

"त्याने नियम मोडला नाही, रोहिदास," ती म्हणाली. "त्याने पत्र लिहिलं. पिसं वाचणारे त्याच्या ओळखीचे आपणच, आणि बेटांचे आकडे मला ठाऊक. कुणीतरी फोटो काढेल आणि नाव विचारायला इथे येईल, एवढ्या भरवशावर."

नेवेबाईंनी आपला कॅमेरा तिच्यापुढे सरकवला.

"पण पहिले दहा दिवस काहीच का नाही?" रोहिदासने विचारलं.

वैजयंतीने तोवर फोन उचलला होता. सहा ऑगस्टपर्यंत तो जिवंत होता, एवढं पीस सांगत होतं. त्यानंतरचे एकोणतीस दिवस कुठेच लिहिलेले नव्हते. पलीकडचा मंगोलियन शोधपथकाचा अधिकारी तिसऱ्यांदा "कशावरून म्हणता?" असं विचारू लागला, तेव्हा ती त्याच्यावर अक्षरशः ओरडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेलिकॉप्टर सोळाव्या बेटावर उतरलं. माणूस अठरा किलोंनी हडकला होता, पण श्वास चालू होता.

उलानबातरच्या रुग्णालयात वैजयंती त्याचा हात हातात घेऊन बसली होती. तिने आणलेला पिसाचा छापील फोटो त्याच्या छातीवर होता. नेवेबाईंची हकिकत ऐकून तो खोकेपर्यंत हसला.

"जगायला मासे पुरले," तो म्हणाला. "तिखट कालवायला शिध्यातलं सातूचं पीठ होतं, ते आधी स्वतःच खात होतो. रोज लांबून विमानाचा आवाज यायचा गं. वाटायचं, आज येतील, उद्या येतील. मग एक दिवस आवाज बंदच झाला. तेव्हा म्हटलं, आता पक्ष्यांनाच कामाला लावू. काय झालं होतं?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. नऊ अंशांच्या पाण्यात माणूस किती तास टिकतो, हे गणित तिनेच अधिकाऱ्यांना करून दाखवलं होतं. जवळच्या नातेवाइकाच्या सहीशिवाय शोध थांबत नाही, हा तिथला नियम उदयनलाही ठाऊक होता; दहाव्या दिवशी ती सहीही तिनेच केली होती. सगळे तिला धीराची म्हणाले होते. विमानात तिने उत्तर घोकून ठेवलं होतं.

"हवा बिघडली," ती म्हणाली. "पुन्हा वादळ झालं. वैमानिकांना उडताच येईना."

त्याने मान हलवली. मग हाताला चाळा म्हणून त्याने फोटो डोळ्यांजवळ धरला आणि मुरगळलेल्या रेघेवर नख टेकवून मोजायला सुरुवात केली. त्याचे ओठ हलत होते. दहाव्या रेघेवर नख थांबलं. ती रेघ रुंद होती, गुळगुळीत होती. त्या दिवशी पक्षी पोटभर चरला होता.

उदयनने फोटो पालथा करून पांघरुणावर ठेवला.

"वैजू," त्याने विचारलं, "सही कुणाची होती?"

तिने त्याचा हात सोडला.

"माझी," ती म्हणाली.