धुण्याचा दगड

खोटं वाटेल, पण घडलेलं आहे. देवापुढं बसून लिहिते आहे, पदरचं एक अक्षर घालणार नाही.

माझ्या सासूबाईंचे वडील सिद्धनाथ सोलापुरात सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर होते. साल एकोणीसशे एकतीस, वैशाख. भवानी पेठेपलीकडच्या माळावर बाळंतपणाचा दवाखाना उभा राहायचा होता.

जमीन भार सोसेल का, ते सिद्धनाथांनी बघायचं. त्यांनी सही केली, की पाया भरला जाणार. सही चुकली तर भिंती खचणार... आणि आत असणार ओल्या बाळंतिणी.

काळी माती काढून मुरमापर्यंत खड्डा घेतला. मुरमावर जाड लोखंडी पत्रा, पत्र्यावर खांब, खांबावर फळ्यांचा माचा. माच्यावर तोललेले दगड. खांबावर खडूची रेघ आणि शेजारी ताणलेली दोरी. रेघ दोरीखाली गेली, की जमीन दबली.

एक दगड कमी पडला. निंगव्वा नावाची मजूर बाई पलीकडच्या पडक्या घरामागून एक घेऊन आली. मध्ये झिजून खोलगट झालेला...

धुण्याचा दगड.

मुकादम गुंडा हसला. म्हणाला, आता सायबाची धोतरं बी हितंच धुवा की.

दगड तोलला. वर चढवला.

ऊन कललं. माणसं लिंबाखाली भाकरीला गेली. सिद्धनाथ एकटेच खड्ड्याशी. रेघ जागच्या जागी होती.

तेवढ्यात...

थप्प.

थप्प.

ओलं कापड आपटल्यासारखं. जवळपास ना विहीर, ना नळ, ना कुणी बाई.

त्यांनी वाकून बघितलं. रेघ बोटभर खाली गेली होती.

आवाज झाला, की रेघ खाली. आवाज थांबला, की रेघही थांबायची.

ते शिडीनं वर चढले. बाकीचे दगड उन्हानं असे तापलेले, की हात लावू देईनात. तो एकच... गार. ओला. रिठ्याचा वास येत होता.

त्यांनी निंगव्वाला हाक मारली. तिनं दगडाला हात लावला आणि लगेच पदराला पुसला.

"म्या आनला तवा कोरडा हुता, अण्णा." मग हळूच म्हणाली, "उतरवा. कुनाचं तरी धुनं राहिलंय."

दगड उतरवून बाजूला मुरमावर ठेवला. त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं वाळूचं पोतं चढवलं. रेघ हलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

फक्त बाजूला ठेवलेला दगड तिथं नव्हता.

ओढून नेल्याची खूण नाही, खणल्याची नाही. तेवढ्या जागी मुरूम ओला होता, इतकंच.

वरच्या साहेबाला काय सांगायचं? जमीन भार सोसत होती. पेठेतल्या बायका अंधाऱ्या खोल्यांत बाळंत होत होत्या, मरतही होत्या. सिद्धनाथांनी सही केली.

दवाखाना झाला. भिंतीला केसाएवढा तडा गेला नाही.

पुढं काही वर्षांनी त्यांची लेक विजयमाला, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्या खेपेला माहेरी आल्या. दवाखाना हाकेच्या अंतरावर. तरी सिद्धनाथांनी त्यांना अक्कलकोटला मावशीकडं पाठवायला बैलगाडी सांगितली.

"आबा, दवाखान्याची जागा कच्ची हाय का?" सासूबाईंनी विचारलं.

सिद्धनाथांनी गाडीत गोधडी अंथरली.

"पक्की हाय. सही माझीच हाय," ते म्हणाले. "तू बस गाडीत."