रोजची एक गोळी

डॉक्टरांची कवटी दोन ठिकाणी फुटली होती. सलाइनचा लोखंडी स्टँड वाकून बाजूला पडला होता आणि भिंतीवरचं रक्त अजून ओलं होतं. उजव्या मुठीत निळ्या जॅकेटची जाड, फाटकी बाही. बोटं इतकी घट्ट, की इन्स्पेक्टरला ती एकेक करून उघडावी लागली.

बाकीचं जॅकेट कचऱ्याच्या डब्यात सापडलं. धावपटूंच्या संघात सगळ्यांचं तसलंच असतं. दवाखान्यात संघातली दोघंच होती, धावपटू मुलगी आणि तिचे प्रशिक्षक. दोघंही आत्ता नुसत्या शर्टात होती.

"हिनंच केलं!" प्रशिक्षक ओरडले. "बंदी असलेली गोळी खाते. आज चारला त्यावरच सुनावणी. आजारासाठी ती लागते असा दाखला डॉक्टरांनी नाकारला असणार."

"साफ खोटं! मला आतड्यांचा आजार आहे. सहा वर्षं रोज एक गोळी घेते. दाखला नसेल तर माझं धावणंच संपलं!"

ती दाराकडे धावली. पैलवानानं बाहीवरूनच तिचं मनगट धरलं. पैलवान म्हणजे खासगी गुप्तहेर मास्तरांचा सोबती. अंगानं दणकट, डोक्यानं निवांत.

"सोड, दुखेल तिला," मास्तर म्हणाले.

"अहो, हळूच धरलंय."

नर्सबाई सकाळपासून बाहेर पाच पेशंटांसमोर बसून होत्या. "मागच्या दारानं कोण येतं ते मला दिसत नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण एक गोळी? हिच्या महिन्याच्या गोळ्या दहा दिवसांत संपतात. न्यायला सर येतात. डॉक्टर कालच त्यावरून भडकले होते."

मास्तरांनी घड्याळ लावून दहा मिनिटं मोजली. मग त्यांनी मुलीला दोन्ही बाह्या वर करायला सांगितलं.

मनगटावर चार काळीनिळी बोटं उमटली होती. दुसरा एकही ताजा डाग नव्हता.

"पैलवान, हा तुझा पराक्रम. या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी कातडी पातळ होते, जरा दाबलं तरी काळंनिळं पडतं. डॉक्टरांनी मरताना घातलेली पकड जाड बाहीवरूनही हिच्या हातावर असती, तर हात कोपरापर्यंत काळा पडला असता. दुसऱ्या कुणाला त्या बाहीमुळे काहीच झालं नसतं. नर्सबाई जागच्या हलल्या नाहीत. राहिलात तुम्ही, सर. तिनातल्या दोन गोळ्या तुमच्या धडधाकट पोरांच्या पोटात जात होत्या. डॉक्टर ते उघड करणार होते."

प्रशिक्षकांनी स्टँड उचलून मास्तरांच्या डोक्यावर उगारला. पैलवानानं हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

प्रशिक्षकांच्या खिशातून रक्तानं माखलेला कागद पडला. दोन्ही दारं पोलिसांनी अडवल्यानं तो बाहेर नेऊन फेकता आला नव्हता. खाली डॉक्टरांची सही होती: "आजार खरा. रोज एक गोळी आवश्यक. जास्तीच्या गोळ्या प्रशिक्षकांनी नेल्या."

मुलगी डॉक्टरांच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडली.

डागांची लाज वाटते म्हणून ती भर उन्हातही पूर्ण बाह्या घालायची. चार वाजता सुनावणीला गेली, ती बाह्या दुमडून.