जयाच्या वाट्याचा पाट
भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या क्वार्टरच्या दारात बसून कमलिनीबाई भेंडी चिरत होत्या आणि शेजारणीला लेकीचं कौतुक सांगत होत्या. "आमची जया जपानच्या खेड्यात राहून आली न. गावच्या लोकाईसंगं पाटातला गाळ काढला तिनं. फोनवर मले रोज सांगे, घरमालकीण आजी शाबासकी देऊन राहिली म्हणून."

आत जया कपड्यांच्या घड्या करत होती. तिचे कान तापले.

जपानी शिकलेली जया त्या डोंगरी गावात फुमी आजींकडे उतरली होती. भाताची लावणी लागण्याआधी तिथे सारं गाव मिळून पाट उपसतं. घरटी एका माणसाला जावंच लागतं. आजींचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांच्या घरची पाळी जयानं हौसेनं अंगावर घेतली. सकाळी मात्र हाडं गोठवणारा वारा सुटला. आजी गावजेवणाचा स्वयंपाक करायला पुढे गेल्या, तशी ही पुन्हा पांघरुणात शिरली आणि मोबाइल बघत लोळत राहिली.

दुपार कलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. माफी मागावी म्हणून ती उठली. दारात तिचे गमबूट चिखलानं बरबटलेले होते. तिनं आत हात घातला. उबदार होते.

गावजेवण चाललेल्या सभागृहात तिला पाहताच लोक अदबीनं वाकले. आजींनी पहिला वाडगा तिच्याच हाती दिला.

"पाणी प्यायलाही थांबली नाहीस म्हणे."

"आजी, मी..."

"आधी खा."

जयानं खाल्लं. खरं सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच पाटावर गेली. फावडं उचललं, तर शेजारचा माणूस गोंधळला. "तू तर आत्ताच वरच्या टोकाला गेलीस ना?"

वर दाट धुकं होतं. धुक्यात कुणीतरी गाळ उपसत होतं. जया बघायला गेली नाही. खाली मान घालून घरी परतली, आणि निघेपर्यंत रोज दुसऱ्याच्या कष्टाची शाबासकी घेत राहिली.

शेजारीण गेली, तेवढ्यात जयाचा फोन वाजला. फुमी आजी होत्या.

"आजी, मी जया. भिलाईहून बोलतेय."

आजी हलकेच म्हणाल्या, "जया तर इथे अंगणात हात धुतेय. लावणी आटोपली आमची. थांबा, देते तिला."

जयाला फोन कानाला धरवेना, ठेववेना.

"कोनाचा फोन व्हय?" कमलिनीबाईंनी तो तिच्या हातून घेतला.

फोनमधून जयाला स्वतःचाच आवाज ऐकू आला. दमलेला, समाधानी. "आई, झालं काम. आता घरी येऊ न?"

"ये न वं, पोरी. लय थकली असशील." कमलिनीबाईंचे डोळे पाणावले.

"आई," जया म्हणाली.

फोन ठेवून कमलिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पदर सावरून, परक्या माणसाशी बोलावं तशा आदरानं म्हणाल्या,

"जया येऊन राहिली आमची. तुमी बसा न बाई, चहा घेऊन जा."