जोडीसोबत एक्का

अर्धांगवायूनंतर रॉइसचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. वाचाही गेली होती. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काही करू द्या, हात कदाचित हलू लागेल. लास व्हेगासच्या कॅसिनोत जन्मभर पत्ते वाटलेल्या माणसाची आवड काय असणार? व्हिडिओ पोकर: मशीन पाच पानं देतं, हवी ती ठेवायची, बाकीची बदलून मिळतात.

कोरीनने, आमच्या मुलीने, लॅपटॉपवर सरावाचा प्रोग्राम घालून दिला. चुकीचं पान ठेवलं की तो लाल अक्षरांत टोकायचा. रॉइसने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आई, अगं चुका दाखवतो तो!"

"तुझ्या बापाच्या चुका दाखवायला मी मेलेय का?" मी म्हटलं.

मग रॉइसचा मित्र डेल्बर्ट टेम्पोत घालून खरंखुरं मशीन घेऊन आला. जुनी मशिनं विकणं हाच त्याचा धंदा.

"बोल्डर सिटीतल्या एका बाईंनी विकायला काढलं, वहिनी. नवरा गेला त्यांचा. घासाघीससुद्धा केली नाही हो."

आम्ही ते स्वयंपाकघरात, कूलरच्या वाऱ्याला ठेवलं. बटणं जाडजूड, दाबली की खट्ट वाजणारी. रॉइस आधी डाव्या हाताने खेळला. एके दिवशी उजव्या हाताचं बोट हललं आणि बटण वाजलं. मी हातातली कढई तशीच ठेवून ढसाढसा रडले.

पुढे उजवा हात सराईतासारखा चालू लागला. एका सकाळी मी अंडी तळत होते. पडद्यावर चौक्यांची जोडी आणि एक एक्का. अशा वेळी नुसती जोडी ठेवायची. एक्काही धरून ठेवला तर तीनऐवजी दोनच नवी पानं मिळतात. असं खेळणाऱ्यांना रॉइस आयुष्यभर हसत आला होता. त्याच्या उजव्या हाताने जोडीसोबत एक्काही ठेवला.

"काय रे, नवखा टुरिस्ट झालास की काय?" मी चिडवलं. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी तोच डाव लॅपटॉपवर मांडला, लाल अक्षरं उमटली. मशीन मात्र कुणाला टोकत नाही; त्यावर माणूस जन्मभर चुकीचं खेळू शकतो.

मी त्याचा उजवा हात माझ्या हातात धरून ठेवला. रॉइसने डाव्या हाताने जोडी ठेवली. फक्त जोडी.

माझ्या मुठीत उजवा हात चुळबुळत होता.

नंतर तो हात कॉफीत साखर घालू लागला. चमचा तोंडाशी नेई, तेव्हा रॉइस ओठ घट्ट मिटून घेई. त्याला गोड कॉफीचा तिटकारा.

मी मशीनची वायर काढली. हात मेल्यासारखा मांडीवर पडला.

कोरीन आली, बघून रडली. "सुधारत होते ना गं बाबा? काय केलंस हे?"

मलाही तो हात हवा होता. मी वायर परत लावली.

खट्ट.

उजवा हात उठला. माझ्या हातावर येऊन अलगद टेकला. ऊबदार होता.

आणि रॉइसचं तोंड उघडलं. इतक्या महिन्यांनी, स्पष्ट, न अडखळता.

"बाई, एक विनंती होती. बोल्डर सिटीत आमच्या हिला कळवाल का? मी कुठे आहे ते तिला ठाऊक नाही."

आवाज मोठा अदबीचा होता. तेवढ्यात रॉइसच्या डाव्या हाताने माझं मनगट पकडलं, आणि तो मला दाराकडे ढकलू लागला.