बुजवलेल्या फटीमागे

"हात लावू नकोस. चावेल ते," पाहुणी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली.

"एवढंसं तर आहे," भोंग्या म्हणाला. पण त्याने हात मागे घेतला.

भोंग्या कुजबुजला तरी दफनभूमीच्या फाटकापर्यंत ऐकू जायचं, म्हणून तो भोंग्या. त्याची धाकटी बहीण शेपूट, कारण तो जाईल तिथे ती मागून असायचीच. आणि पाहुणी म्हणजे सुट्टीपुरती मावशीकडे राहायला आलेली मुलगी. येऊन बरेच दिवस झाले होते तरी भोंग्या तिला पाहुणीच म्हणत होता. तिनेही कधी हरकत घेतली नव्हती. आईची बदली झालेली, जुनं घर सोडलेलं, नवं अजून मिळायचं होतं. कुठेही गेलं तरी आपण पाहुणेच, असं तिला हल्ली वाटे.

मावशी दिवसभर दवाखान्यात. घरात फ्रिजचा आवाज आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढीच सोबत. म्हणून पाहुणी आईचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून सकाळीच दफनभूमीत यायची. तिथे कोणी 'एकटीच का गं?' असं विचारत नसे. कलंडलेल्या शिळांच्या मधून मुंगूस पळायचं, तुटक्या कोनाड्यात पिंगळा बसायचा, खारींना तर कोणत्या दगडावर ऊन आधी येतं ते पाठ होतं. त्या सगळ्यांचे फोटो तिच्याकडे होते. त्यात माणूस एकही नव्हता.

पण आज समोर जे दिसत होतं, ते तिने कधीच पाहिलं नव्हतं.

दफनभूमीच्या जुन्या टोकाला, झाडीत निम्मी दडलेली एक दगडी घुमटी होती. खोलीएवढी मोठी कबरच ती. तिचं दार कधीकाळी दगड रचून बंद केलेलं. दाराच्या वर एक आडवी फट होती आणि रोज तिन्हीसांजेला त्या फटीतून लहान लहान वटवाघळं बाहेर पडायची. आज फटीच्या जागी चुन्याचा ओला पांढरा पट्टा होता. आणि त्या पट्ट्याला धरून, लख्ख उन्हात, वटवाघळं चिकटून बसली होती. काही नखांनी चुना खरवडत होती.

"दिवसा झोपतात ना ही?" भोंग्याने विचारलं.

"झोपतात. आणि उन्हात तर कधीच..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. एक कावळा सरळ खाली आला, पट्ट्यावरचं एक वटवाघूळ चोचीत धरून उडून गेला. बाकीची तरीही हलली नाहीत. भोंग्याने पायातली चप्पल भिरकावली, ती झुडपात जाऊन पडली.

"कावळा येतोय तरी उडून जात नाहीत," पाहुणी म्हणाली. "असं काय आहे इथे?"

शेपूट तोवर घुमटीच्या बाजूच्या भिंतीला कान लावून उभी होती. "आत कोणीतरी रडतंय," ती म्हणाली.

भोंग्याने कान लावला. मग पाहुणीने. दगड गार होता. आधी स्वतःच्याच कानातली धडधड ऐकू आली. मग अगदी बारीक, टाचणीने काचेवर ओरखडा काढावा तसा आवाज. एक थांबला की दुसरा. मग पुष्कळ.

भोंग्याचा चेहरा उतरला. "ही फट बाबांनी भरली," तो म्हणाला. "काल, अंधार पडल्यावर."

त्याचे बाबा गवंडी होते. दफनभूमीच्या डागडुजीचं काम सध्या त्यांच्याकडे होतं. तिघं धावत गेली तेव्हा ते फाटकाजवळ पायवाटेच्या फरश्या बसवत होते.

"आत कोण कोंडलं जाईल?" ते म्हणाले. "मी काय खाटीक आहे का रे? मुकादम म्हणाले फट भर. मी म्हटलं, आधी ती पाखरं जाऊ देत. शेवटचं बाहेर पडेपर्यंत मी बसून होतो. चहा गार झाला माझा. मग थापी हातात घेतली."

पाहुणीने कॅमेऱ्यातले फोटो मागे मागे नेले आणि एका फोटोवर थांबून कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. संध्याकाळच्या आकाशात एक वटवाघूळ, आणि त्याच्या पोटाला घट्ट चिकटलेला एक गोळा.

"हे पिल्लू. लहान असताना आई त्याला घेऊन उडते, काका. आणि हा परवाचा फोटो. पोट मोकळं आहे. पिल्लं जड झाली, उडता अजून येत नाही. म्हणून आया त्यांना आत ठेवून किडे टिपायला जातात. तुम्ही आया बाहेर पडेपर्यंत थांबलात."

गवंड्याने फोटोकडे पाहिलं. मग हातातली फरशी हळूच खाली ठेवली. "आणि ती बाहेर बसलीत, त्या..."

"आया."

गवंडी उठून घुमटीकडे गेला. भिंतीला कान लावून कितीतरी वेळ उभा राहिला. "मला तर काहीच ऐकू येत नाही, पोरांनो," शेवटी तो म्हणाला.

इतक्यात मुकादम आले. त्यांनीही कान लावला, आधी एक, मग त्याचा कंटाळा आला म्हणून दुसरा. "दगड आहे. दगडासारखा गप्प आहे," ते म्हणाले. "उद्या दफनभूमीच्या मंडळाचे अध्यक्ष पाहणीला येणार. आत पाणी गळतं म्हणून गेल्या वेळी मला त्यांनी चार माणसांत झापलं. आता भरलेली फट मी या तिघांच्या कानाला विचारून फोडू?"

"त्यांना दूध मिळालं नाही तर ती मरतील," पाहुणी म्हणाली. "उद्यापर्यंत थांबलो तर उशीर होईल."

"बाई गं, दोन मोठी माणसं कान लावून सांगतायत, आत काही नाही म्हणून. तुम्हाला भास होतोय. सुट्टीत डोकं रिकामं असलं की होतो."

गवंडी मान खाली घालून म्हणाला, "मुकादमांच्या शब्दाबाहेर मला छिन्नी लावता येत नाही गं."

परतताना भोंग्या बोलला नाही. भोंग्या बोलत नाही हे इतकं विचित्र होतं, की शेपूट सारखी वळून त्याच्याकडे पाहत होती.

"आपल्या तिघांना एकच भास कसा होईल?" पाहुणी स्वतःशीच म्हणाली. मग थांबली. "तिघा लहानांना ऐकू येतं. दोघा मोठ्यांना येत नाही. तुम्ही दोघं घुमटीपाशी थांबा. कावळा आला तर ओरड, भोंग्या. आज तुझं काम आहे."

मावशी कानांच्या दवाखान्यात लोकांची श्रवणशक्ती तपासायची. पाहुणी तिथे याआधी एकदाही गेली नव्हती. पांढऱ्या कोटातली मावशी तिला क्षणभर परकीच वाटली.

"काय झालं? घराची किल्ली हरवलीस?"

"नाही. मावशी, मोठ्या माणसांना ऐकू न येणारा आवाज मुलांना ऐकू येतो का?"

मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुढच्या माणसाला जरा थांबायला सांगितलं, आणि तिला काचेच्या लहानशा खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. "आवाज आला की हात वर कर."

पाहुणीचा हात वर गेला. पुन्हा गेला. मग आवाज बारीक होत होत सुईसारखा झाला, तरी हात वर जातच राहिला.

मावशीने दार उघडलं. "शेवटचे काही तुला ऐकू आले?"

"हो. तुला नाही?"

"कान जसे जुने होतात तसे सगळ्यात वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. यंत्रांच्या कलकलाटात काम करणाऱ्यांचे तर लवकरच. शेवटचे सूर मी रोज लावते, पण मी स्वतः ते कित्येक वर्षांत ऐकलेले नाहीत. समोरच्याचा हात वर गेला की समजायचं, वाजलं." मग तिने पाहुणीच्या गुडघ्यावरची माती पाहिली. "तू दिवसभर असतेस तरी कुठे?"

पाहुणीने भराभर सगळं सांगितलं. आल्यापासून त्या दोघी एवढं सलग कधी बोलल्याच नव्हत्या. बाहेरचा माणूस खोकला आणि मावशीला उठावं लागलं.

पाहुणी धावत परतली तेव्हा भोंग्याचा आवाज बसला होता आणि कावळा लांबच्या झाडावर चिडून बसला होता. तिने मुकादमांना त्यांच्या खोलीतून अक्षरशः हाताला धरून आणलं.

"आपण परीक्षा घेऊ," ती म्हणाली. "एकेकाने एकट्याने यायचं, भिंतीला कान लावत फिरायचं, आणि जिथे आवाज मोठा येतो त्या दगडावर खडूने फुली मारायची. तुम्ही फोटो काढा आणि फुली पुसा. म्हणजे पुढच्याला कळणार नाही. भास असेल तर प्रत्येकाची फुली वेगळ्या दगडावर येईल."

"आणि आली वेगळी, तर?"

तिने गळ्यातला कॅमेरा काढून त्यांच्यापुढे धरला. "तर मी सुट्टी संपेपर्यंत या दफनभूमीत पाय ठेवणार नाही."

भोंग्या चपापून तिच्याकडे बघत राहिला. सकाळपासून अंधार पडेपर्यंत ती इथेच असते हे त्याला माहीत होतं. मुकादमांनाही माहीत होतं. रोज अंधार पडला की तिला हाकलून काढताना त्यांचा घसा दुखे.

"ठरलं," ते खुशीत म्हणाले आणि कॅमेरा गळ्यात घातला. "कुठलं बटण दाबायचं?"

आधी भोंग्या गेला. मग शेपूट. पाहुणी मुद्दाम गेली नाही. परीक्षा घेणाऱ्याने उत्तर लिहायचं नसतं, असं तिचं म्हणणं. मुकादमांनी दोन्ही फोटो पाहिले आणि नाक खाजवलं. दोन्ही फुल्या एकाच दगडावर होत्या. फटीखाली नाही, तर बाजूच्या भिंतीत, कोपऱ्याकडून खालच्या ओळीतल्या एका काळपट दगडावर.

"ही भाऊ-बहीण आहेत," ते म्हणाले. "घरून ठरवून आली असतील."

"सकाळपासून आम्ही घरी गेलोच नाही," भोंग्या घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तेच म्हणतोय, इथे ठरवलं असेल."

तेवढ्यात मुकादमांची मुलगी चहाचा थर्मास घेऊन आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाहुणीने मुकादमांकडे पाहिलं. मुकादमांनी थर्मासकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"ये गं इकडे," ते नाइलाजाने म्हणाले. "या भिंतीला कान लावून सांग, काही येतंय का ऐकू."

"काय येणार, बाबा?"

"तेच तर तू सांगायचंय."

मुलगी फटीखालून निघाली, कोपऱ्यावरून वळली. कान लावायची, पुढे सरकायची. काळपट दगडापाशी ती खाली बसली आणि दचकून मागे झाली. "ई, बाबा, आत काय कोंडलंय?" तिने खडू उचलला आणि त्याच दगडावर फुली मारली.

मुकादमांनी फोटो काढला नाही. ते तिच्याजवळ खाली बसले, पुन्हा एकदा आपला कान त्या दगडाला लावला आणि तसेच राहिले. त्यांना अजूनही काही ऐकू येत नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुला येतंय?" त्यांनी मुलीला हळूच विचारलं.

"केवढ्यानं तरी."

मुकादम उठले. "गवंडी," त्यांनी हाक मारली, "छिन्नी आणा."

चुना अजून ओला होता, छिन्नीला फारसं काम पडलं नाही. गवंड्याने शिडी लावून, वटवाघळांना धक्का न लावता एका टोकाकडून पट्टा सोडवला, आणि आत बॅटरी धरली. मग खाली उतरून पाहुणीला शिडीवर चढू दिलं. आत, काळपट दगडाच्या नेमकं मागे, पिल्लांचा घोस एकमेकांना बिलगून लटकला होता. कातडी करडी, कान अंगाच्या मानाने केवढे तरी मोठे. त्यांच्याखाली जमिनीवर दोन-तीन पडलेली होती. ती हलत नव्हती.

"काल रात्रीच सांगितलं असतंत..." गवंडी म्हणाला, आणि स्वतःच थांबला. काल रात्री कोणालाच माहीत नव्हतं.

"पिल्लं उडायला लागेपर्यंत फट उघडी राहील," मुकादम म्हणाले. "पाणी आत जाऊ नये म्हणून वरून पत्र्याची छपरी लावा. अध्यक्षांना मी सांगेन. झापलं तर झापलं." मग पाहुणीकडे वळून जरा घसा साफ केला. "पुष्कळ वर्षं मी या जागेची राखण करतोय. पण कान लावून राखण तू केलीस, पोरी. आणि तुम्ही दोघांनीही. या भोंग्याचा आवाज कुणाच्या कामी येईल असं वाटलं नव्हतं मला."

भोंग्याला काहीतरी झकास उत्तर द्यायचं होतं. पण घशातून फक्त हवा निघाली आणि शेपूट हसत सुटली.

अंधारू लागलं तसं गवंडी मुलांना घेऊन घरी गेला. मुकादमांची मुलगीही गेली. मुकादम खोलीपाशी जाऊन थांबले. आज त्यांनी पाहुणीला हाकललं नाही. ती काळपट दगडाशी कान लावून एकटीच बसली. आया एकेक करून आत शिरत होत्या. आत इतकी पिल्लं, पण प्रत्येकीला आपलं कुठलं ते आवाजावरून आणि वासावरून कळतं, असं तिने वाचलं होतं. एक आई आत गेली की थोड्या वेळाने एक आवाज कमी व्हायचा. ते ऐकताना तिला बरं वाटत होतं.

गवतात पावलं वाजली. पांढरा कोट न काढताच मावशी आली होती.

"काय ऐकू येतंय?" तिने विचारलं.

"अजून बरीच ओरडतायत."

मावशीने दगडाला कान लावून पाहिला, मान हलवली, आणि कोट गोळा करून तिच्या शेजारी गवतात बसली. उद्याच्या सकाळपाळीचा, घरातल्या स्वयंपाकाचा तिने विषयच काढला नाही.

"अजून?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"अजून. पण कमी झालेत."

झाडांचे आकार एकमेकांत मिसळले. घुमटीवरून एक शेवटचं वटवाघूळ गिरकी घेऊन आत गेलं.

"अजून?"

"एक आहे."

"मग बसू," मावशी म्हणाली.

दोघी बसून राहिल्या. पाहुणीने डोळे मिटले होते. मावशी भिंतीकडे पाहतच नव्हती. ती पाहुणीच्या चेहऱ्याकडे पाहत होती, दवाखान्यात काचेपलीकडच्या माणसाकडे पाहावं तशी. बऱ्याच वेळाने त्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, आणि तिने सांगायच्या आतच मावशीला कळलं.