डोळा उचलला तेव्हा

पहिल्याच दिवशी मी त्याच्या शिडीला धडकले. वर दिवा बांधणारा तो पडता पडता वाचला, आणि खाली बघून शांतपणे म्हणाला, "कॅमेऱ्यातून सगळं दिसतं वाटतं तुम्हाला... एवढी शिडी सोडून?"

तो लाइटमन. सेटवर त्याला सगळे काजवा म्हणत. मी सहा वर्षं कॅमेरा चालवणारी ऑपरेटर. उजेड कुठून, किती पडावा हे ठरवणार सर, म्हणजे आमचे सिनेमॅटोग्राफर; मी फक्त त्यांनी सांगितलेली चौकट पकडायची. हा फरक आईच्या गळी कधी उतरलाच नाही. मला मात्र सरांचं काम करायचं होतं, आणि उजेडातलं ओ की ठो कळत नव्हतं.

ते काजव्याने शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत तो खिडकीशी पेला ठेवायचा, उजेड परतवणारा पांढरा पुठ्ठा इकडून तिकडे फिरवायचा आणि विचारायचा, पेला खुशीत आहे की रुसलाय? आधी मी नुसती हसायचे. मग खरंच दिसायला लागलं. कधी पेल्याच्या जागी मलाच बसवायचा, आणि पुठ्ठा फिरवायचंच विसरायचा...

एके दिवशी सर म्हणाले, उद्याच्या खिडकीच्या प्रसंगाचं लाइटिंग तू कर; जमलं तर पुढचा सिनेमा तुझा.

चार मिनिटांचा सलग शॉट. स्टँडला जागा नव्हती, म्हणून काजवा गुडघ्यावर बसून पुठ्ठा हातात धरून राहिला. तिसरं मिनिट सरताना नटीच्या गालावरचा उजेड किंचित थरथरला. मी कॅमेऱ्यावरून डोळा उचलला. काजवा घामाघूम, ओठ घट्ट मिटलेले, पण हात खाली नाही. मी बघतच राहिले.

ऑपरेटरला याहून मोठी चूक नाही. त्या काळी फिल्मवर काम चाले. कॅमेरा फिरताना डोळा उचलला की डोळा लावायच्या भिंगातूनच उजेड आत शिरतो आणि फिल्म पांढुरकी होते. दोन दिवसांनी रीळ धुऊन आलं. शेवटी नुसतं धुकं. सिनेमा हातचा गेला, असंच मी धरून चालले.

"डोळा का उचललास?" सरांनी विचारलं. काजवा शेजारीच उभा होता. थाप मारता आली असती.

"त्याचा हात भरून आला होता, सर. बघितल्याशिवाय राहवलं नाही."

सर म्हणाले, "आधीची तीन मिनिटं सुरेख आहेत. आणि ऑपरेटरने डोळा उचलायचा नसतो, पण चौकटीबाहेरचं माणूस ज्याला दिसत नाही, त्याने उजेडाच्या वाटेला जाऊ नये. पुन्हा घे. कॅमेरा मी चालवतो, तू बाजूला उभी राहा."

माझ्यासाठी सर स्वतः कॅमेऱ्यामागे बसले. माझे डोळे भरून आले. काजव्याने पुठ्ठा उचलला आणि हळूच विचारलं, "त्या दिवशी नक्की काय बघत होतात... हातच ना?"

"तेव्हा एकच डोळा उचलला होता," मी म्हटलं. "आज दोन्ही मोकळे आहेत. आज चारही मिनिटं तुझ्याकडे बघणार आहे."

"मग पुठ्ठा हलणार," तो म्हणाला. पण हलला नाही.

फिल्मची ती पांढुरकी पट्टी आज आमच्या खिडकीला टांगलेली आहे. सकाळी तिच्यातून ऊन येतं तेव्हा मी मनातल्या मनात सरांचे आभार मानते, आणि त्या चुकीचेही. काजवा चहाचा पेला पुढे करून विचारतो, आज खुशीत की रुसलाय?

खुशीतच असतो.